वासाचा रकाना

अपघातानंतर दीड महिन्याने मी कामावर रुजू झाले. डाव्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, नवऱ्याचे दिवस होऊन गेले होते, भेटायला येणारे थांबले होते. चिखलीच्या फ्लॅटमध्ये आता सासूबाई आणि मी, दोघीच उरलो होतो. त्या लातूरकडच्या. मुलाच्या नोकरीपायी गाव सोडून इकडे आल्या होत्या, आणि आता परत जायचं त्यांच्या मनात नव्हतं. मी त्यांना आई म्हणते. पहिल्या दिवशी मी बॅग खांद्याला लावली तेव्हा त्यांनी विचारलं, "जायलीस का?" मी म्हटलं, "हो." त्यांनी डबा हातात दिला. एवढंच बोलणं झालं.

अपघाताबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मोशीच्या पुढे, संध्याकाळी, एका कंटेनरने कट मारला आणि आमची गाडी घसरली. नवरा चालवत होता, मी मागे होते. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. माझं डोकं मागून दुभाजकावर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून वाचलात, असं डॉक्टर म्हणाले. मला त्यातली आठवते ती एक अनोळखी बाई. ती माझी दुसरी चप्पल शोधत रस्त्याच्या कडेने फिरत होती आणि सापडत नाही म्हणून माझी माफी मागत होती.

मी चाकणला, इंजिनांच्या चाचण्या करणाऱ्या एका प्रयोगशाळेत इंजिनिअर आहे. अपघाताच्या थोडं आधी आमच्याकडे एक नवं काम आलं होतं. जनरेटरचं इंजिन डिझेल सोडून अमोनियावर चालवून बघायचं. अमोनिया म्हणजे तोच, जो खताच्या कारखान्यात आणि बर्फाच्या कारखान्यात असतो. त्यात कार्बन नाही, त्यामुळे तो जळला तर धुरात कार्बन डायऑक्साइड येत नाही. कागदावर हे फार चांगलं दिसतं. अडचण एवढीच की अमोनिया जळायला तयार नसतो. ठिणगी दिली तर पेटतो न पेटतो असं करतो. पेटला तरी त्याची ज्योत इतकी सावकाश सरकते की पिस्टन खाली निघून जातो आणि ती मागेच राहते. म्हणून त्यात हायड्रोजन मिसळायचा. हायड्रोजनचं सगळं उलटं. एवढ्याशा ठिणगीने पेटतो, क्षणात पसरतो, आणि उजेडात त्याची ज्योत डोळ्यांना दिसतही नाही. दोन्ही एकत्र केले की मधला काहीतरी स्वभाव मिळतो. हायड्रोजन किती टक्के घालायचा, इंजिनवर भार किती असताना, ठिणगी किती आधी द्यायची, हे शोधत बसणं हे माझं काम. हायड्रोजन कमी पडला की इंजिन ठोके चुकवतं आणि न जळलेला अमोनिया धुराबरोबर बाहेर येतो. जास्त झाला की ज्योत उलटी फिरून आत येणाऱ्या नळीत शिरते, धाडकन आवाज होतो, आणि काकांच्या तोंडून एक शिवी निघते.

काका म्हणजे आमच्या टेस्ट सेलचे, म्हणजे इंजिन चालवून बघायच्या खोलीचे, टेक्निशियन. चाकणजवळच्याच एका गावचे. जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हापासून ते कंपन्यांत काम करत आले होते. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. अपघाताआधी ते मला मॅडम म्हणायचे. मी परत आले त्या दिवशी ताई म्हणाले, आणि मग तेच राहिलं. बाकी त्यांनी काही विचारलं नाही. मी गेल्यावर बंद करून ठेवलेला संगणक सुरू करून दिला, खुर्ची पुसली, आणि म्हणाले, "वीस टक्क्यावर सोडलं व्हतं आपन. तिथनंच धरायचं का?"

तिथूनच धरलं.

काम चांगलं चाललं होतं, असंच म्हणावं लागेल. सकाळी कंपनीची बस, नाशिक रोडचा ट्रॅफिक, मग आठ तास काचेपलीकडे एक इंजिन आणि अलीकडे माझ्यासमोर आलेख. प्रत्येक फेरीला सिलिंडरमधला दाब चढतो आणि उतरतो. शंभर फेऱ्यांच्या शंभर रेषा एकावर एक ठेवल्या की मिश्रण कसं जळतंय ते कळतं. नीट जळत असेल तर सगळ्या रेषा जवळजवळ एकच दिसतात. हायड्रोजन कमी असेल तर त्या विस्कटतात, आणि मधूनच एखादी अगदी बुटकी येते. ती न पेटलेल्या फेरीची. मी दिवसभर बुटक्या रेषा मोजायचे. मोजून झाल्या की एक टक्का हायड्रोजन वाढवायचा आणि पुन्हा मोजायच्या. त्या कामात दिवस जात होता. दुसऱ्या कशात जात नव्हता.

वास गेलाय हे मला लगेच कळलं नाही. जेवणाला चव नव्हती, पण त्या दिवसांत जेवणाला चव असावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. एका रविवारी सकाळी मी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून भांडी पुसत होते. आई देवळातून आल्या त्या चपला न काढताच आत शिरल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलं होतं.

"खाली जिन्यापर्यंत वास यायलाय," त्या म्हणाल्या. "तू तर हितंच उभी आहेस."

मी पातेल्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग फडताळातून हिंगाची डबी काढली, झाकण उघडलं आणि माझ्या नाकाखाली धरली.

"आला?"

"नाही."

त्यांनी मसाल्याच्या डब्यातल्या दोनतीन वाट्या तशाच धरल्या. मी नाही नाही म्हणत गेले. शेवटी त्या डबा बंद करून म्हणाल्या, "डॉक्टरला दाखीव."

चिंचवडला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. डोक्याला हिसका बसतो तेव्हा वासाच्या बारीक नसा तुटतात, त्यांनी सांगितलं. कधी परत येतो, कधी येत नाही. वाट बघायची. घरात गॅसची काळजी घ्या, शिळं अन्न खाऊ नका. मी काय काम करते ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता त्या रकान्याबद्दल सांगते.

आमच्या टेस्ट सेलच्या दाराला एक फळी अडकवलेली असायची आणि तिला त्या दिवसाची चेकलिस्ट लावलेली. इंजिन सुरू करायच्या आधी सेलमध्ये आणि बाहेरच्या शेडमध्ये, जिथे सिलिंडरची लोखंडी कपाटं होती तिथे, एक फेरी मारायची आणि ओळीने टिक करायच्या. पंखा चालू, पाण्याचा नळ चालू, मास्क जागेवर, असं बरंच काही. त्यात मध्येच एक ओळ होती: अमोनियाचा वास, आहे किंवा नाही. शेवटी दोघांच्या सह्या. सेन्सर होतेच. पण अमोनियाचा वास इतका उग्र असतो की सेन्सरचा भोंगा वाजण्याच्या पुष्कळ आधी नाकाला तो कळतो. प्रशिक्षणात हे सांगितलेलं असतं. नवीन येणाऱ्यांना मीच सांगायचे.

त्या ओळीपुढे मी रोज "नाही"वर टिक करत होते. मला वास येत नव्हता, म्हणजे लिहिलं ते खरंच होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली का? नाही. मी कसलीच समजूत घातली नाही. टिक केली आणि सही केली. कंपनीत सांगितलं असतं तर मला त्या सेलमधून काढलं असतं. मग दिवसभर कुठे बसायचं होतं, ते मला माहीत नव्हतं.

काकांना महिनाभरात कळलं. एकदा नळी सोडवताना आत उरलेला थोडा अमोनिया बाहेर आला. ते चटकन दोन पावलं मागे सरकले, तोंड फिरवलं. मी तिथेच, नळीवर वाकून, आकडे लिहून घेत राहिले. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"ताई, तुमाला वास न्हाई आला?"

"नाही."

"अपघातापासनं?"

"हो."

"कुनाला सांगितलंय?"

"घरी माहीत आहे."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी मारताना ते माझ्यापुढे चालत होते. प्रत्येक कपाटाचं दार उघडून ते वाकायचे, वास घ्यायचे आणि मला ऐकू येईल असं म्हणायचे, "न्हाई." मग मी टिक करायचे. याबद्दल आमचं कधी बोलणं ठरलं नव्हतं. पुढचे चार महिने असंच चाललं. दोनदा ते "हाय" म्हणाले, आणि दोन्ही वेळा खरंच एक जोड सैल निघाला. मला वाटायला लागलं की हे असंच चालू शकतं.

मग त्यांच्या गावची यात्रा आली. त्यांनी गुरुवारपासून आठवडाभर सुट्टी घेतली. जाताना मला म्हणाले, "मी येईपर्यंत इंजिन बंद ठेवलं तर?" मी म्हटलं, "रिपोर्ट द्यायचाय, काका. दुसरे आहेत ना."

दुसरे म्हणजे शेजारच्या डिझेल सेलवरचे एक टेक्निशियन. मूळचे रत्नागिरीकडचे, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठे, आकुर्डीला राहायचे. शांत माणूस. मी त्यांना दादा म्हणायचे. डिझेलवर त्यांचा हात बसलेला होता, पण अमोनियाशी त्यांची ओळख नव्हती. त्यामुळे प्रत्येक गोष्ट ते मला विचारून करायचे.

त्याच गुरुवारी अमोनियाच्या कपाटातला एक जोड बदलला होता. स्टोअरमधून नवा आला, पुरवठादाराच्या माणसाने बसवला. दिसायला स्टीलचा. प्रत्यक्षात आतून पितळी होता, वर निकेलचा मुलामा. अमोनिया पितळेला खातो. हे आमच्या सगळ्यांना पाठ होतं, म्हणूनच तिथे पितळ चालत नाही. पण मुलाम्याखाली काय आहे ते मी तपासलं नाही. शिवाय त्या कपाटातला सेन्सर त्याच आठवड्यात कॅलिब्रेशनला बाहेर गेला होता. तो परत येईपर्यंत रोज नाकाने तपासायचं, असं सेफ्टीवाल्यांनी लिहून दिलं होतं, आणि त्या कागदावरही माझीच सही होती.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी फेरी मारली. एकटीच. दादा त्यांच्या सेलमधलं काम आवरत होते. कपाटाचं दार उघडलं, आत वाकले, काकांसारखा श्वास घेतला. का घेतला, कुणास ठाऊक. कपाटाचा पंखा चालू होता. मी दार लावलं, टिक केली.

अकराच्या सुमाराला दाब कमी दिसायला लागला. दादा म्हणाले, रेग्युलेटर बघावा लागेल. आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. मास्क त्यांच्या गळ्यात होता.

"मॅडम, सकाळी वास वगैरे बघितला होता ना?"

"बघितला. नव्हता."

त्यांनी मास्क तसाच गळ्यात राहू दिला आणि दार उघडलं.

मधल्या वेळात कपाटाच्या पंख्याची मोटर बंद पडली होती, हे नंतर कळलं. तेव्हापासून आत अमोनिया साठत होता. दादांचे दोन्ही हात तोंडावर गेले आणि ते मागे, माझ्या अंगावर आले. माझे डोळे झोंबले, घसा आवळला. वास तेव्हाही आला नाही. मी त्यांची कॉलर धरली आणि वाऱ्याला आडवं, शेडच्या कोपऱ्यातल्या डोळे धुवायच्या नळापर्यंत ओढत नेलं. पायाने खटका दाबला, त्यांचं डोकं पाण्यात धरलं, बोटांनी पापण्या उघडल्या. मागे कोणीतरी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, कोणीतरी भोंगा दिला.

पंधरा मिनिटं धुवायचं असतं. माणूस दोन मिनिटांतच पुरे म्हणतो.

"पुरे, मॅडम."

"नाही."

"श्वास येत नाहीये."

"येतोय. डोळे उघडे ठेवा."

ते खोकत होते, हात झटकत होते. मी सोडलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात बघून पूर्ण पंधरा मिनिटं धरलं. मग ॲम्ब्युलन्स आली. सगळे म्हणाले, मॅडमनी डोकं शांत ठेवलं म्हणून माणसाचे डोळे वाचले. एकाने माझ्यासाठी चहा आणला. मी चहा प्यायले, ओले कपडे बदलले, आणि सकाळच्या आकड्यांची फाइल सेव्ह केली.

दादा तीन दिवस दवाखान्यात होते. बुबुळांवरचा पातळ थर वरवर भाजला होता, तो भरून येईल असं सांगितलं. खोकला जायला वेळ लागेल. मी रोज फोन करून त्यांच्या बायकोला विचारत होते. ती रोज म्हणायची, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं."

बुधवारी चौकशीची बैठक झाली. टेबलावर चहा, बिस्किटं, आणि त्या जोडाचे मोठे करून छापलेले फोटो. पितळेला गेलेला तडा स्पष्ट दिसत होता. आमचे साहेब होते, स्टोअरचे एक होते, सेफ्टीचे एक अधिकारी होते. सेफ्टीवाल्यांनी सोमवारची चेकलिस्ट काढली आणि बोट ठेवून म्हणाले, "इथे मॅडमची टिक आहे. साडेनऊला वास नव्हता. म्हणजे तडा त्यानंतर गेला." सगळ्यांनी मान डोलावली. त्यांनी ते लिहून घेतलं.

मी काही बोलले नाही. त्यांनी मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. पण त्यांनी विचारलंच नाही. कागदावर लिहिलेलं होतं.

साडेनऊला कपाटात वास होता का? पंखा चालू होता, गळती कदाचित अगदी बारीक असेल. दुसऱ्या कुणाला तो आला असता का, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. बहुतेक आला असता.

काका यात्रेहून आले ते सरळ माझ्या टेबलाशी. त्यांना गावातच कळलं होतं. रिपोर्टची प्रत टेबलावर होती, ती त्यांनी उभ्याउभ्या वाचली. मग म्हणाले, "चला, भाईर चला." आम्ही कॅन्टीनच्या मागे, भंगाराच्या पिंपांजवळ जाऊन उभे राहिलो.

"ह्यो कागद खोटा हाय, ताई."

"हो."

"तुमी सांगताय का मी सांगू?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रागावलेले नव्हते. थकलेले दिसत होते.

"तुम्ही इतके दिवस का नाही सांगितलंत, काका?"

"तुमी हसत नव्हता, रडत नव्हता," ते म्हणाले. "त्या इंजनासमोर बसल्या की तेवढं जरा मानसात असल्यावानी दिसायच्या. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. वास काय, मी घेतो. पर मी यात्रेला गेलो की. ते चुकलं माजं."

"तुमचं नाही चुकलं."

"मला म्हाईत व्हतं न्हवं? मग माजंबी चुकलं."

आम्ही दोघं साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मी सांगितलं. कधीपासून वास येत नाही, डॉक्टर काय म्हणाले, टिक कशी करत होते, सोमवारी दादांना काय म्हणाले. पाच मिनिटंही लागली नाहीत. साहेब पेनचं टोपण लावत होते, काढत होते.

"आधी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. "तुमची परिस्थिती आम्हाला माहीत होती. दुसरं काम दिलं असतं."

"मला दुसरं काम नको होतं."

"त्यांचे डोळे गेले असते."

"हो."

काका म्हणाले, "सायब, मला समदं म्हाईत व्हतं. तेबी लिवा." साहेबांनी तेही लिहिलं.

मला लेखी ताकीद मिळाली आणि सेलमध्ये जायला बंदी झाली. वरच्या मजल्यावर, आकडेवारीच्या विभागात एक टेबल दिलं. काकांनाही ताकीद मिळाली आणि ट्रॅक्टरच्या इंजिनांवर पाठवलं. रिपोर्टमधलं ते वाक्य बदललं. चेकलिस्टमधली वासाची ओळ राहिली, पण तिच्यापुढे आता दोघांनी स्वतंत्र टिक करायची असते, आणि गॅसवर काम करणाऱ्यांची नाकं वर्षातून एकदा तपासतात. हे सगळं आधीही करता आलं असतं, असं सगळेच म्हणाले.

शनिवारी मी आकुर्डीला दादांच्या घरी गेले. खरं काय ते त्यांना माझ्याकडून कळावं असं वाटत होतं. म्हणजे वाटत होतं असंही नाही, ते करायचं काम होतं म्हणून गेले. रेल्वे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर त्यांची सोसायटी. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मला बघून तिचा चेहरा खुलला. "या, या. अहो, मॅडम आल्यात." दादा काळा चष्मा लावून कोचावर बसले होते. पडदे ओढलेले होते. तिने पाणी दिलं, पोहे करते म्हणाली. मी म्हटलं, "आधी बसा, मला दोघांशी बोलायचंय."

मी पुन्हा तेच सगळं सांगितलं. साहेबांना सांगितलं होतं त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच शब्दांत. सांगताना मी त्यांच्या टीव्हीखालच्या कपाटात ओळीने लावलेल्या मुलीच्या शाळेच्या ढाली बघत होते.

बोलणं संपल्यावर त्यांची बायको उठून आत गेली. परत आली नाही. आतून भांड्याचाही आवाज आला नाही.

दादांनी चष्मा काढला. डोळे लाल होते, पापण्या सुजलेल्या. ते माझ्याकडे बघायचा प्रयत्न करत होते आणि उजेडामुळे त्यांना ते जमत नव्हतं.

"मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"दार उघडायच्या आधी विचारलं होतं."

"हो, दादा."

"तेव्हा एवढं म्हणाला असतात, की दादा, तुम्हीच एकदा वास घ्या. बस. दुसरं काही सांगायची गरज नव्हती."

हे मला सुचलंच नव्हतं. इतक्या दिवसांत एकदाही. सगळं सांगायचं किंवा काहीच सांगायचं नाही, असे दोनच रस्ते मला दिसत होते. मी म्हटलं, "माझं चुकलं." ते शब्द मला फार लहान वाटले, पण दुसरे नव्हते.

"तुमचं दुःख आम्हाला कळतं," ते म्हणाले. "पण मला दोन माणसं पोसायची आहेत." मग चष्मा परत लावला. "आता जा तुम्ही. ती आत बसलीय."

मी चप्पल घातली आणि निघाले. जिन्यात एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती, तिने बाजूला होऊन मला वाट दिली.

घरी आल्यावर आईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"त्या माणसाचे डोळे बरे हायेत ना?"

"बरे होतील म्हणालेत."

"मला म्हाईत होतं, तू तिथं काय काम करायलीस," त्या म्हणाल्या. "उग्र वासाच्या गॅसचं काम हाय म्हणून माझ्या लेकानं मागं एकदा सांगितलं होतं. मी तुला इचारलं नाही. म्हटलं, जायली तर जाऊ दे. घरात बसून काय करणार." त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि मला जवळ बसायला सांगितलं. मी बसले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला त्या हाताचं वजन जाणवत होतं. त्या रडत होत्या. मी रडले नाही.

वरच्या मजल्यावर काम सोपं होतं. खालून आकडे यायचे, मी ते तपासून आलेख काढायचे. त्यातूनच पुढे मिश्रणाचं प्रमाण जमलं. कमी भाराला हायड्रोजन थोडा जास्त, भार वाढेल तसा कमी करत न्यायचा, आणि ठिणगी भरपूर आधी द्यायची, कारण अमोनियाला वेळ लागतो. शंभरच्या शंभर रेषा एकावर एक बसल्या. तरीही धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडचा प्रश्न उरला, तो अजून आहे. एक गोष्ट सुधारायला जावं तर दुसरी बिघडते. साहेबांनी अभिनंदनाचा मेल पाठवला. त्यात माझं नाव होतं, काकांचंही. मी तो वाचला आणि उत्तरात धन्यवाद लिहिलं.

काकांना कधीकधी कॅन्टीनमध्ये भेटते. ते आपल्या डब्यातली चटणी माझ्या ताटात वाढतात. मला तिखट कळतं, बाकी काही कळत नाही, हे त्यांना माहीत आहे.

दादा दोन महिन्यांनी कामावर आले. अमोनियाचा सेल त्यांनीच मागून घेतला, असं ऐकलं. मला आश्चर्य वाटलं नाही. तिथे काय होऊ शकतं हे आता त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. बसमध्ये, जिन्यात, कॅन्टीनच्या रांगेत आम्ही समोरासमोर यायचो आणि ते मान खाली घालून पुढे जायचे. मीही थांबवलं नाही. त्यांचा उजवा डोळा वाऱ्याने अजून पाणावतो. ते खिशात रुमाल तयार ठेवतात.

मागच्या महिन्यात एक दिवस दुपारी ते वर आले. हातात छापलेला आलेख होता. माझ्या टेबलापाशी थोडे घुटमळले.

"ह्या तीन फेऱ्या पेटल्याच नाहीत," ते म्हणाले. "हायड्रोजन तर तेवढाच होता. कशामुळे ते कळत नाहीये."

मी कागद घेतला. ते शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून बसले. आम्ही हवेचं तापमान बघितलं, आदल्या दिवसाचे आकडे काढले, ठिणगीची वेळ बघितली. हवा गरम करणाऱ्या हीटरचा आकडा मध्येच तेवढ्यापुरता खाली आलेला सापडला. त्यांनी तो पेन्सिलीने गोल केला.

"हीटरची वायर बघतो," ते म्हणाले.

"बघा. आणि झाल्यावर मला आकडे पाठवा."

"पाठवतो."

ते उठले, खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली, रुमालाने डोळा टिपला आणि जिन्याने खाली गेले. साडेचारला आकडे आले. या वेळी शंभरच्या शंभर फेऱ्या नीट पेटल्या होत्या.